पाणी उपसणं आणि पूर ओसरणं

पावसाळ्यात कोल्हापुरात सकाळी उठल्यावर पहिली चौकशी होते ती राजाराम बंधाऱ्याची. किती फूट, किती इंच? ३९ फुटांना इशारा पातळी, ४३ फुटांना धोका पातळी, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. राधानगरीचे किती दरवाजे उघडले हे कळलं की पुढचा हिशेब लोक आपापला करतात. या सगळ्यात एक गोष्ट कुणी कुणाला समजावून सांगत नाही, कारण ती प्रत्येकाला ठाऊकच असते. घरात शिरलेलं पाणी मोटार लावून उपसता येतं, घर कोरडं होतं, पण त्यानं पंचगंगा उतरत नाही. नदी चढते की उतरते हे बघायला बंधाऱ्यावरची पट्टीच लागते, आणि ती पट्टी रोज त्याच जागी वाचावी लागते.

पार्किन्सन्स, म्हणजे आपल्याकडे ज्याला कंपवात म्हणतात, तो आजार घरात आला की हाच साधा फरक हातातून निसटतो. लेव्होडोपा या त्यावरच्या मुख्य औषधाची गोळी ही पाणी उपसणारी मोटार आहे. फार चांगली मोटार आहे, तिच्याइतकी दुसरी अजून मिळालेली नाही. पण मेंदूच्या तळाशी डोपामिन, म्हणजे हालचालींना लागणारं रसायन, बनवणाऱ्या पेशी मरत राहतात, तिथं ती काही करत नाही. म्हणून मग घरातलं कुणीतरी शोधायला लागतं: आजार मंदावणारं काही मिळतंय का? कुणी कोएन्झाइम क्यू-टेन आणतं, कुणी कवचबीजाचं चूर्ण, कुणी खोकल्याच्या गोळ्या. "पावण्यांनी पुण्यातनं आणलंय, त्यांच्या सासऱ्यांना लई फरक पडला, चालू करू काय?" हा प्रश्न अगदी मनापासून आलेला असतो आणि त्याला तितकंच मनापासून उत्तर मिळायला हवं. "काही होत नाही, घ्या" हे उत्तर नव्हे आणि "असलं काही घेऊ नका" हेही नव्हे.

उत्तराची सुरुवात पट्टीपासून करावी लागते. डॉक्टर या आजारातल्या हालचाली मोजतात त्या तपासणीत तेहतीस नोंदी असतात, प्रत्येकीला शून्य ते चार गुण, म्हणजे जास्तीत जास्त १३२. गुण जितके जास्त तितका त्रास जास्त. आजार सुरुवातीच्या टप्प्यात असलेल्या माणसांचे गुण वर्षभरात साधारण तीनेक अंकांनी वाढतात. आता याच माणसाला सकाळची गोळी घ्यायच्या आधी तपासा आणि गोळी घेतल्यावर दीड तासानं पुन्हा तपासा. फरक दहा-पंधरा अंकांचा पडू शकतो. रात्री झोप झाली नाही, पोट साफ झालं नाही, नातीच्या लग्नाची घाई झाली, तरी दोन-चार अंक इकडचे तिकडे होतात. समजा एखाद्या गोळीनं खरोखरच आजाराचा वेग एक तृतीयांशानं कमी केला, तर वर्षाला फरक एका अंकाचा. रोजच्या चढउतारात तो एक अंक कुणालाही दिसणार नाही, ना रुग्णाला, ना घरच्यांना, ना डॉक्टरांना. तो दिसायला शेकडो माणसं आणि एक-दोन वर्षं लागतात.

म्हणून "महिन्याभरात फरक पडला" असं कुणी म्हणालं की तो फरक लक्षणांतला आहे एवढं नक्की धरावं. आजार मंदावल्याचं महिन्याभरात कळूच शकत नाही.

तो फरकही खोटा नसतो, हे मुद्दाम सांगायला हवं. या आजारात आशा हेसुद्धा एक औषध आहे, आणि तेही शब्दशः. २००१ साली कॅनडातल्या संशोधकांनी दाखवलं की औषध मिळणार या नुसत्या अपेक्षेनं पार्किन्सन्सच्या रुग्णांच्या मेंदूत डोपामिन सुटतं. मेंदूच्या स्कॅनवर ते दिसलं. पुढं २०१५ मध्ये अमेरिकेत बारा रुग्णांना साध्या मिठाच्या पाण्याची दोन इंजेक्शनं दिली गेली. एक शंभर डॉलरचं आणि दुसरं पंधराशे डॉलरचं असं त्यांना सांगितलं होतं. पाणी तेच, पण महागड्या म्हणून दिलेल्या पाण्यानं हालचाल जास्त सुधारली. हातातली बाटली परदेशातून आलेली असली, महाग असली, आणि ती प्रेमानं कुणी आणून दिलेली असली, तर पहिले काही आठवडे बरं वाटणारच. त्या बरं वाटण्याला हसू नये. फक्त त्यावरून पुढच्या पाच वर्षांचा खर्च ठरवू नये.

मग मंदावणं मोजतात कसं? एक हुशार रीत आहे. रुग्णांचे दोन गट करायचे. एकाला औषध आजच सुरू, दुसऱ्याला आठ-नऊ महिने नुसती साखरेची गोळी आणि मग तेच औषध. औषध केवळ आराम देणारं असेल तर उशिरा सुरू केलेले लोक पहिल्यांना गाठतात. औषध आजार मंदावणारं असेल तर मधलं अंतर तसंच राहतं. रासाजिलिन या पार्किन्सन्सवरच्या औषधाची अशी चाचणी २००९ मध्ये छापून आली, ११७६ रुग्णांवरची. एक मिलिग्रॅम घेणाऱ्यांत अंतर राहिलं, दोन मिलिग्रॅम घेणाऱ्यांत राहिलं नाही. दुप्पट मात्रेनं काम होऊ नये आणि निम्म्या मात्रेनं व्हावं, याचा अर्थ लावणं कठीण, म्हणून रासाजिलिन आज आरामाचं औषध म्हणूनच दिलं जातं.

याच रीतीनं २०१९ मध्ये लेव्होडोपाही तपासली गेली, ४४५ रुग्णांत. चाळीस आठवडे उशिरा सुरू केलेले लोक ऐंशी आठवड्यांनी पहिल्यांच्या बरोबरीला आले होते. म्हणजे लेव्होडोपा आजार मंदावत नाही, आणि वाढवतही नाही. हा दुसरा भाग कोल्हापुरातल्या प्रत्येक अशा घरात पोचायला हवा. "गोळी लवकर सुरू केली तर पुढं कामाची राहत नाही" या भीतीपोटी माणसं वर्ष-दोन वर्षं हात थरथरत, पाय फरफटत काढतात, आणि त्याच काळात हजारो रुपयांची कॅप्सूल मात्र बिनधास्त घेत राहतात. हे उलटं झालं.

आता बाटल्यांकडे येऊ.

कोएन्झाइम क्यू-टेनची कथा समजली की बाकीच्या निम्म्या समजतात. पेशींमधल्या ऊर्जेच्या कारखान्यात हा पदार्थ लागतो आणि पार्किन्सन्समध्ये तो कारखाना बिघडलेला असतो, त्यामुळं कल्पना अगदी रास्त होती. २००२ मध्ये ८० रुग्णांवर चाचणी झाली. दिवसाला १२०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांचा आजार कमी वेगानं वाढलेला दिसला आणि जगभर आशा पसरली. मग ६०० रुग्ण घेऊन १२०० आणि २४०० मिलिग्रॅमची मोठी चाचणी केली. उपयोग दिसण्याची शक्यताच उरली नाही म्हणून ती मधेच थांबवावी लागली, निकाल २०१४ मध्ये छापला गेला. ऐंशी माणसांत योगायोगानं दिसणारा फरक सहाशेत विरघळतो. आपल्याकडच्या औषध दुकानात क्यू-टेनची कॅप्सूल बहुधा १०० मिलिग्रॅमची मिळते. लोक ती दिवसाला एक घेतात. म्हणजे ज्या मात्रेनं काही झालं नाही, तिच्या बाराव्या हिश्शावर महिन्याचे पैसे जातात.

क्रिएटिन तर या गावाला चांगलंच माहीत. तालमीतल्या आणि जिममधल्या पोरांसाठी त्याचे डबे जागोजागी मिळतात. त्याचीही चाचणी झाली, दिवसाला दहा ग्रॅम, १७४१ रुग्ण, किमान पाच वर्षांचा बेत. तीही मधेच थांबली, फायदा शून्य. घरातल्या पैलवानाच्या डब्यातला चमचा आजोबांना द्यायचा मोह होतो, तेव्हा आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्या. क्रिएटिन घेतलं की रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं दिसतं, आणि मूत्रपिंड बिघडलं की काय म्हणून नको त्या तपासण्या मागं लागतात. ई जीवनसत्त्व दिवसाला २००० युनिट देऊन ८०० रुग्णांत पाहिलं, काही नाही. इनोसीन नावाचा पदार्थ देऊन रक्तातलं युरिक ॲसिड वाढवून पाहिलं, उपयोग नाही, वर मुतखडे.

यातलं बहुतेक निरुपयोगी असलं तरी निरुपद्रवी आहे, असं मात्र समजू नये. डोपामिनच्या पेशी मरतात मेंदूच्या त्या भागात लोह साठतं, म्हणून लोह काढणारं डेफेरिप्रोन द्यावं, हा तर्क क्यू-टेनइतकाच पटणारा होता. थॅलेसेमियाच्या मुलांसाठी हे औषध आपल्याकडेही मिळतं. ३७२ नव्या रुग्णांवर छत्तीस आठवडे चाचणी झाली, निकाल २०२२ मध्ये आला. डेफेरिप्रोन घेणाऱ्यांचे एकूण गुण (हालचालींबरोबर बाकीची लक्षणंही धरून) सरासरी पंधराहून अधिक वाढले आणि नुसती साखरगोळी घेणाऱ्यांचे सहाच्या आसपास. औषधानं माणसं जास्त वाईट झाली. डोपामिन तयार करणाऱ्या एन्झाइमलाच लोह लागतं, ते काढून घेतल्यावर दुसरं काय होणार, असं आता मागं वळून म्हणता येतं. आधी कुणाला म्हणता आलं नव्हतं. पटणारं स्पष्टीकरण म्हणजे पुरावा नव्हे, याचं मला याहून ठळक उदाहरण माहीत नाही.

कवचबीजाचं प्रकरण वेगळं आहे आणि त्यावर जरा थांबायला हवं. खाजकुयलीच्या शेंगांवरची लव अंगाला लागली की काय होतं ते बांधावर वावरणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. त्याच शेंगांच्या बियांत खरीखुरी लेव्होडोपा असते, ढोबळमानानं शेकडा चार ते सहा टक्के. म्हणजे हे पूरक बिरक काही नाही, हे औषधच आहे. लंडनमध्ये २००४ साली आठ रुग्णांवर पाहिलं तेव्हा तीस ग्रॅम कवचबीज तयारीचा असर नेहमीच्या गोळीच्या निम्म्या वेळात सुरू झाला आणि जास्त वेळ टिकला. पण तिथली तुलना नीट बघा. त्या तीस ग्रॅममध्ये सुमारे १००० मिलिग्रॅम लेव्होडोपा होती आणि गोळीत फक्त २००. पाचपट कशाला लागली? कारण गोळीत सोबत कार्बिडोपा असतं. ते नसलं तर बहुतेक लेव्होडोपा मेंदूत पोचायच्या आधी आतड्यात आणि रक्तातच संपते, आणि जी तिथं डोपामिन बनते ती मळमळ करते.

गफलत होते ती इथंच. समजा चहाचे दोन चमचे, म्हणजे सहाएक ग्रॅम चूर्ण दिवसाला घेतलं. पाच टक्के धरले तर ३०० मिलिग्रॅम लेव्होडोपा. जो माणूस दुसरं काहीच घेत नाही, त्याच्या मेंदूला त्यातला जेमतेम चौथा-पाचवा हिस्सा कामी येतो. पण जो आधीच दिवसातून तीन-चार वेळा सिंडोपा, म्हणजे लेव्होडोपा-कार्बिडोपाची गोळी, घेतोय, त्याच्या अंगात कार्बिडोपा हजर असतं, आणि तेच चूर्ण जवळजवळ पूर्ण ताकदीनं चढतं. म्हणजे १०० मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या कुणाला न सांगता वाढवल्यासारखं. मग मान, खांदे वेडेवाकडे हलायला लागतात, रात्री भिंतीवर माणसं दिसतात, उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढं अंधारी येते. डॉक्टरांना चूर्णाचं माहीत नसतं, ते गोळ्या कमी करतात. नंतर चूर्ण संपतं, नवं पाकीट यायला आठवडा लागतो, आणि माणूस खुर्चीतून उठेनासा होतो. नव्या पाकिटातल्या बियांत लेव्होडोपा किती, ते पाकिटावर क्वचितच लिहिलेलं असतं. आयुर्वेदात बिया दुधात उकळून शोधन करतात, त्यानंही प्रमाण बदलतं. घ्यायचंच असेल तर वैद्य आणि न्यूरॉलॉजिस्ट दोघांना ग्रॅममध्ये सांगून, एकाच ठिकाणचं, आणि गोळ्यांच्या हिशेबात धरून घ्यावं. कवचबीजानं आजार मंदावतो असं मात्र कुठंही सिद्ध झालेलं नाही. तीही मोटारच आहे, जुन्या पद्धतीची.

ॲम्ब्रोक्सॉल हे सध्याचं सगळ्यात आशेचं नाव, आणि चिंतेचंही. खोकल्यात कफ पातळ करणारं हे साधं औषध पेशींमधला कचरा निस्तरणाऱ्या एका एन्झाइमला मदत करतं. त्या एन्झाइमचं जनुक, जीबीए-वन, काही रुग्णांमध्ये बिघडलेलं असतं. २०२० मध्ये लंडनमधल्या सतरा रुग्णांच्या छोट्या अभ्यासात औषध मेंदूभोवतीच्या द्रवापर्यंत पोचतं एवढं दिसलं. ३३० रुग्णांची, दोन वर्षांची मोठी चाचणी ब्रिटनमध्ये २०२५ पासून चालू झाली आहे. तिचं उत्तर येईपर्यंत थांबावं असं मला मनापासून वाटतं, आणि त्याची कारणं आकड्यांत आहेत.

अभ्यासातली मात्रा दिवसाला १२६० मिलिग्रॅम, टप्प्याटप्प्यानं चढवत नेलेली. खोकल्याला आपण घेतो ती नव्वदच्या आसपास, म्हणजे ही चौदापट. ३० मिलिग्रॅमच्या गोळ्या घेतल्या तर रोज बेचाळीस. पाच मिलिलिटरमध्ये ३० मिलिग्रॅम असं सिरप असेल तर रोज २१० मिलिलिटर, दोन बाटल्या, त्यातल्या साखरेसकट. आणि आपल्याकडच्या दुकानात ॲम्ब्रोक्सॉल मागितलं की बहुतेक वेळा मिश्र सिरप पुढं येतं. त्यात टर्ब्युटालिन किंवा साल्ब्युटामॉल असतं. ही दोन्ही औषधं स्वतःच हात थरथरवतात आणि छाती धडधडवतात. थरथर कमी व्हावी म्हणून बाटली आणायची आणि थरथर वाढवायची, असं होतं. काही खोकल्याच्या औषधांत डेक्स्ट्रोमेथॉर्फन असतं. रासाजिलिन किंवा त्याच जातीचं सेलेजिलिन चालू असलेल्या माणसाला ते बिलकुल चालत नाही. दोन्ही मिळून ताप, गोंधळ, अंग ताठरणं, जिवावर बेतेल इथपर्यंत जाऊ शकतं. त्याच कारणासाठी ट्रॅमाडॉल ही दुखण्यावरची गोळीही त्यांना वर्ज्य. घरात कुणाच्या तरी कंबरदुखीसाठी आणलेली गोळ्यांची पट्टी कपाटात पडलेली असते, तिच्याकडे एकदा बघून घ्या.

साखरेवरची आणि वजनाची इंजेक्शनं आता शहरातही चर्चेत आली आहेत. त्याच घराण्यातल्या लिक्सिसेनाटाइडनं २०२४ मध्ये १५६ रुग्णांत वर्षभर आजार जागच्या जागी ठेवल्यासारखा दिसला, तुलनेच्या गटाचे तीन गुण वाढले. पण जवळपास निम्म्यांना मळमळ झाली. मग २०२५ मध्ये त्याच घराण्यातल्या एक्झेनाटाइडची १९४ रुग्णांची, ९६ आठवड्यांची चाचणी आली, आणि त्यात काहीच फरक नव्हता. मधुमेह नसलेल्या, आधीच हाडकुळ्या होत चाललेल्या पार्किन्सन्सच्या माणसाला भूक मारणारं इंजेक्शन देणं मला धोक्याचं वाटतं. या आजारात वजन घटतं तेव्हा स्नायू जातात आणि पडणं वाढतं.

बी-वन जीवनसत्त्वाची मोठ्या मात्रेची इंजेक्शनं इटलीतल्या एका डॉक्टरांनी प्रसिद्ध केली. त्यांच्या अहवालात तुलनेचा गटच नव्हता, आणि वर आशेबद्दल जे सांगितलं ते इथं लागू होतं. ग्लुटाथायोन हे अँटिऑक्सिडंट शिरेतून देऊन आणि नाकातून देऊन पाहिलं. नाकावाटेच्या चाचणीत नुसत्या पाण्याच्या गटालाही तितकंच बरं वाटलं.

मग जीवनसत्त्वांतलं काहीच कामाचं नाही का? आहे, पण कमतरता मोजून भरण्यापुरतं. बी-ट्वेल्व्ह पाहायलाच हवं. लेव्होडोपा शरीरात मोडली जाताना रक्तात होमोसिस्टीन नावाचं द्रव्य वाढतं, आणि ते खाली आणायला बी-ट्वेल्व्ह आणि फॉलिक ॲसिड लागतं. शाकाहारी माणूस, वर मधुमेहासाठी मेटफॉर्मिन, वर रोजची ॲसिडिटीची गोळी, अशी तिहेरी गाठ असली तर पातळी २०० पिकोग्रॅमच्या खाली सापडणं नवलाचं नाही. मग पायाला मुंग्या, तोल जाणं, विसरणं, आणि सगळ्याचा दोष कंपवाताला. हे भरून काढता येतं. पण नसांच्या नावानं मिळणाऱ्या कॅप्सूल दोन-तीन डॉक्टरांकडून दोन-तीन प्रकारच्या चालू असतील तर त्यातल्या बी-सिक्सची बेरीज करा. दिवसाला शंभर मिलिग्रॅमच्या पुढं महिनोन् महिने गेलं तर तेच जीवनसत्त्व पाय बधिर करतं. डी जीवनसत्त्वाचं ६०,००० युनिटचं पाकीट बहुतेकांना आठवड्यातून एकदा लिहून दिलेलं असतं, ते चुकून रोज घेतलं जातं. कॅल्शियम वाढून तहान, बद्धकोष्ठ, गुंगी येते, आणि घरचे म्हणतात आजार वाढला.

नवं काही चालू करण्याआधी चालू असलेल्यातलं काय काढता येईल, हे बघणं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. चक्कर येते म्हणून सिनारिझिन किंवा फ्लुनारिझिन, मळमळीसाठी मेटोक्लोप्रामाइड किंवा प्रोक्लोरपेराझिन, ॲसिडिटीसाठी लेव्होसल्पिराइड घातलेली कॅप्सूल. ही सगळी औषधं डोपामिनचा रस्ता अडवतात. शेवटची तर फारच चोरपावलांनी येते. पॅन्टोप्राझोल किंवा राबेप्राझोलच्या नावापुढं 'एल' किंवा 'एलएस' असं अक्षर दिसलं की पट्टीमागची बारीक छपाई वाचा. वर्षभर ती घेणाऱ्या साठीच्या माणसाला हुबेहूब पार्किन्सन्स झाल्यासारखं दिसू शकतं, आणि थांबवल्यावर पूर्ववत व्हायला काही आठवडे ते काही महिने लागतात. ज्याला खरोखर पार्किन्सन्स आहे त्याचा आजार त्या गोळीनं एका झटक्यात दोन पायऱ्या खाली नेलेला असतो. मळमळीला डॉक्टर सहसा डोमपेरिडोन देतात. वय जास्त किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी ईसीजी. आणि मळमळ लेव्होडोपाचीच असेल तर गोळी कुठली आहे ते पाहा. सिंडोपा 'एकशेदहा'मध्ये कार्बिडोपा फक्त दहा मिलिग्रॅम असतं, 'एकशेपंचवीस'मध्ये पंचवीस. दिवसभरात सत्तर-पंचाहत्तर मिलिग्रॅम कार्बिडोपा पोटात गेल्याशिवाय ते पुरतं काम करत नाही. 'एकशेदहा'च्या तीन गोळ्यांवर असलेल्या माणसाला ते तीसच मिळतं. गोळी बदलण्यानं बऱ्याचदा मळमळ जाते आणि असरही वाढतो. हे डॉक्टरांना विचारायचं, स्वतः बदलायचं नाही.

वेळ साधणं हा फुकटचा उपाय. लेव्होडोपा आतड्यातून आत जाते त्याच दारानं प्रथिनांचे तुकडेही जातात, आणि दारात रेटारेटी होते. गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध पिऊन त्यावर गोळी घेतली तर पेल्यातली नऊ-दहा ग्रॅम प्रथिनं आधी आत शिरतात आणि गोळी ताटकळत राहते. मटकीची मिसळ, मटण, अंडी, तीच गत. गोळी जेवणाआधी अर्धा तास, नुसत्या पाण्याबरोबर घ्यावी. आधी जेवण झालं असेल तर तासाभरानं. लोहाची गोळी दोन तास लांब, कारण लोह लेव्होडोपाला बांधून ठेवतं. प्रथिनं कमी करायची नाहीत, फक्त तांबड्या-पांढऱ्याचा बेत रात्रीवर न्यायचा, जेव्हा पाय जड झाले तरी अंथरूण जवळ असतं.

आणि व्यायाम. अमेरिकेत २०१८ मध्ये औषध सुरू न झालेल्या १२८ रुग्णांना ट्रेडमिलवर चालवलं, आठवड्यातून चार दिवस, सहा महिने. ज्यांची नाडी कमाल वेगाच्या ८० ते ८५ टक्क्यांपर्यंत चढवली, त्यांचे गुण जवळपास जागेवर राहिले. नेहमीसारखे राहिलेल्यांचे तीनाच्या वर वाढले. हाही मंदावल्याचा पक्का पुरावा नाही, मोठी चाचणी चालू आहे. पण इथं उलट बाजूला नुकसान फारच थोडं आहे. पासष्टीच्या माणसासाठी तो वेग मिनिटाला १२४ ते १३२ ठोक्यांचा होतो. रंकाळ्यावर गप्पा मारत केलेल्या फेरीत तो गाठला जात नाही. धाप लागावी, सलग बोलता येऊ नये, इतकं चालायचं. आधी हृदयाची तपासणी, आणि पडण्याची भीती असेल तर स्थिर सायकल.

एवढं करूनही एखादी गोष्ट घेऊन बघायचीच असेल, तर ती मोजून बघा. एका वेळी एकच. आधी दोन आठवडे काहीही न बदलता नोंदी: सकाळची पहिली गोळी घ्यायच्या आधी खुर्चीतून उठून तीन मीटर जाऊन परत बसायला किती सेकंद, सदऱ्याची पाच बटणं लावायला किती, एक ओळ लिहून दाखवा. झोपून रक्तदाब, मग उभं राहून तीन मिनिटांनी पुन्हा. वरचा आकडा वीसनं पडला तर डॉक्टरांना कळवायचं. दर आठवड्याला वजन. मग गोष्ट सुरू करा, वहीत मात्रा मिलिग्रॅममध्ये, आणि त्याच पानावर बंद करायची तारीख आधीच लिहा, तीन महिन्यांच्या आतली. त्या दिवशी थांबवून दोन आठवडे पुन्हा त्याच नोंदी. या वहीवरून आराम कळेल, अपाय कळेल. मंदावणं कळणार नाही, ते आधीच मान्य करून वही उघडायची. हा बंद करण्याचा नियम फक्त नव्या गोष्टीसाठी आहे. लेव्होडोपा एकाएकी कधीही बंद करायची नाही. अंग लाकडासारखं ताठरतं, ताप चढतो, आणि माणूस अतिदक्षता विभागात जातो.

पुराच्या गावात हे शेवटचं वाक्य वेगळ्या अर्थानं वाचावं लागतं. २०१९ आणि २०२१ मध्ये शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं, पुण्या-बेंगळुरूकडचा रस्ता बंद झाला. औषधांच्या गाड्या त्याच रस्त्यानं येतात. मे संपता संपता तीन आठवड्यांची लेव्होडोपा घरात जादा असावी, हवाबंद डब्यात, वरच्या मजल्यावर, सोबत चिठ्ठीवर नाव, मात्रा आणि घड्याळाच्या वेळा. कुणी होडीतून स्थलांतर करायला आलं तर तो डबा आधी हातात घ्यायचा, कागदपत्रांच्याही आधी.